आजारांची रंगीत तालीम

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या दुपारी आमच्या ह्यांनी मला पलंगावर आडवं केलं, डोक्याखालची उशी काढून घेतली आणि फर्मावलं, "तुझं खुब्याचं हाड मोडलंय. ओरड."

"कुठे मोडलं?"

"बाथरूममध्ये. पाय घसरून."

"मग मी पलंगावर काय करतेय?"

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी चूक कबूल केली, मला उठवलं आणि बाथरूमच्या दाराशी नेऊन निजवलं. फरशी छान गार होती. बाहेर ऊन तापलेलं, आणि झरोक्यातून आलेला उजेड बादलीतल्या पाण्यावर पडून छतावर हलत होता. ओरडायचं राहिलंच, मला चक्क डुलकी लागली. जाग आली तेव्हा हे शेजारी स्टुलावर बसले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एका मांडीवर निळी पुस्तिका, दुसऱ्या मांडीवर पिवळी.

"निळी सहा आठवडे घरी नर्स देते," ते म्हणाले. "पिवळी स्वतंत्र खोली देते, पण हॉस्पिटलात. घरी आल्यावर तुझं तू बघ."

"मोडलेल्या बाईला आधी उठवा," मी म्हटलं.

ह्यांनी लिफ्टच्या कंपनीत अडतीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढली. कंपनीचा विमा पुढेही चालू राहणार होता, पण ते पांघरूण आखूड. डोक्यावर ओढलं की पाय उघडे. वर आणखी काही हवं असेल तर पुरवणी विमा घ्यायचा, असं पेन्शनच्या ऑफिसातल्या बाईंनी आम्हाला सावकाश, एकेक शब्द सुटा करून समजावलं. जसं काही निवृत्त होताना आम्ही अक्कलही कंपनीत जमा करून आलो होतो. पुरवणी म्हटल्यावर मला परीक्षेचा हॉल आठवला. तिथे निदान पेपर कधी सुटणार ते माहीत असतं.

अट अशी होती. निवृत्तीपासून साठ दिवसांच्या आत पुरवणी घेतली तर तब्येतीबद्दल कोणी एक अक्षर विचारणार नाही. एकसष्टाव्या दिवसापासून सगळं विचारतील, आणि माझ्यासारखीला दारातूनच परत पाठवतील. योजना दोन, निळी आणि पिवळी. दोघांना मिळून एकच घ्यायची, आणि एकदा घेतली की पाच वर्षं बदलायची नाही.

घोडं अडलं ते इथेच. माझ्या हृदयाची एक झडप गळते. आज काही होत नाही, जिना चढताना दुसऱ्या वळणावर जरा थांबावं लागतं, एवढंच. पण तीन-चार वर्षांनी ती बदलावी लागेल, असं डॉक्टर म्हणालेत. पिवळी घेतली तर हे काम आमची लेक राहते त्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात होईल, लगेच, स्वतंत्र खोलीत. नाही घेतली तर जुन्या विम्यावर इथल्याच सरकारी वॉर्डात, रांगेत नंबर लावून. निळीत झडपबिडप काही नाही. निळी फक्त आमच्या गावापुरती. त्यात घरी येणारी नर्स, दात, चष्मा आणि कानाचं मशीन.

आणि ह्यांचे कान गेलेत. हे त्यांना सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. अडतीस वर्षं गच्चीवरच्या मशीन रूममध्ये मोटरीच्या कुशीत बसलेल्या माणसाचे कान आणखी काय होणार? पण विषय काढला की म्हणायचे, "मला सगळं ऐकू येतं. तूच हल्ली पुटपुटतेस."

तेव्हा हे पिवळीच्या बाजूने आणि मी निळीच्या. माझं कारण नुसतं कान नव्हतं, खोटं कशाला बोलू. पिवळी घेतली म्हणजे लेकीच्या शहरात कायमचं जायचं, असं बापलेकींनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. लेकीचं लाडाचं नाव भिंगरी, आणि वागणंही तसंच. तिने आमच्यासाठी एक खोली रंगवून ठेवली होती. रंग कोणता ते मला फोनवर तीनदा सांगून झालं होतं. मला मात्र माझी ही तिसऱ्या मजल्यावरची तीन खोल्यांची जागा सोडायची नव्हती. लिफ्टवाल्याच्या इमारतीला लिफ्ट नाही, यावर येणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी हसतो. मी पस्तीस वर्षं ते हसू ऐकत आलेय आणि मला ते आवडतं.

वाद दोन दिवस चालला, मग ह्यांनी आपला धंद्याचा नियम काढला. नवी लिफ्ट बसवली की तिच्यात आधी माणूस चढत नाही, वाळूच्या गोण्या चढतात. ठरल्यापेक्षा थोड्या जास्तच. त्या घेऊन लिफ्ट वर-खाली करायची, ब्रेक लागतो का बघायचं, मधेच वीज बंद करून बघायची. "कागदावर प्रत्येक लिफ्ट चढते," ते म्हणाले. "हे दोन्ही कागद आहेत. आपण वजन टाकून बघू."

"आणि गोण्या कोण?"

"आपण."

अशा रीतीने आमच्या घरात रोज दुपारी एक आजार येऊ लागला. जेवणं झाली की हे पडदे ओढून घेत. माझा मोबाइल बंद करून कपाटात जात असे, कारण चाचणी चालू असताना मेकॅनिकने दुसरीकडे लक्ष द्यायचं नाही, असा त्यांचा दंडक. मग सोमवारी ह्यांचा गुडघा, मंगळवारी माझा मोतीबिंदू. बुधवारी आम्ही दोघंही एकाच वेळी तापाने फणफणलो आणि पाणी कोणी आणायचं यावरून भांडलो. एक दिवस ह्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात मांडीवर टाकून ते तासभर बसून राहिले. डाव्या हाताने बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून कपात पडलं, आणि त्याकडे ते इतक्या दुःखाने बघत राहिले की मी धावत जाऊन दुसरं आणून दिलं.

या सगळ्यात माझं काम टेलिफोनचं. मी एकतीस वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या टेलिफोन बोर्डावर ऑपरेटर होते. आवाज अजून तोच आहे, तो काही निवृत्त झाला नाही. पलंगावर पडल्या पडल्या मी विमा कंपनी व्हायची. "नमस्कार, आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करावी." मग थांबवून ठेवताना वाजवतात ती धून मी नाकातून गुणगुणायची. हे हातात काल्पनिक रिसीव्हर धरून ताटकळत. ती धून गुणगुणता गुणगुणता पुष्कळदा मलाच झोप यायची, आणि ते बिचारे तसेच थांबलेले असायचे.

त्या दुपारच्या झोपा मी विसरणार नाही. पडद्यातून उजेड गाळून यायचा, चहासारखा तांबूस, आणि त्यात मला माझा जुना बोर्ड दिसायचा. ओळीने भोकं, प्रत्येकाखाली इवलं लेबल. यकृत. फुप्फुस डावं. फुप्फुस उजवं. टाच. कुठला तरी दिवा लुकलुकायला लागायचा आणि मी जोडायची दोरी उचलून विचारायची, कोण हवंय? गुडघा म्हणायचा, मला कान जोडून द्या. मी म्हणायची, कान व्यग्र आहेत, थोड्या वेळाने करा. गुडघा अगदी सभ्य होता, रागावला नाही. नुसता दिवा लावून बसून राहिला.

कधी लिफ्टचं स्वप्न पडायचं. आमच्या जिन्याच्या जागी जाळीच्या दाराची लिफ्ट असायची आणि हे तरुणपणीच्या निळ्या डगल्यात आत उभे. आम्ही वर जायचो. पहिला मजला दातांचा, दुसरा डोळ्यांचा. प्रत्येक मजल्यावर पेन्शन ऑफिसातल्या बाई टेबल टाकून बसलेल्या, त्या हात करायच्या, हे मान हलवायचे, लिफ्ट पुढे. तिसऱ्या मजल्यावर आमचं घर यायला हवं होतं. ते यायचंच नाही. सगळी भिंत, नुकती रंगवलेली, आणि ओल्या रंगाचा वास. मी घाबरून जागी व्हायची तर हे शेजारी निवांत पडलेले, पोटावर पिवळी पुस्तिका उपडी.

"काय बडबडत होतीस?" त्यांनी एकदा विचारलं.

"ऐकू आलं?"

"ओठ हलत होते," ते म्हणाले, आणि जीभ चावली.

मी कूस बदलून डोळे मिटले. खरं सांगायचं तर या लपवाछपवीत माझा हात होताच. रविवारी लेकीचा फोन लावायचा तर हे फोनचं एक नंबरचं बटण दाबत, कारण तिचा नंबर तिथे साठवलेला, आणि रिसीव्हर माझ्या हातात देत. ती बोलायची, मी तेच मोठ्याने ह्यांना सांगायची, ह्यांचं उत्तर तिला सांगायची. दुकानात, बँकेत, दारात कोणी आलं तरी तेच. लोकांना वाटायचं, बाई फार बोलते. मी मध्ये बसून जोडून देत होते, आणि जोडलेलं दिसत नव्हतं म्हणून ह्यांचं बहिरेपणही दिसत नव्हतं.

अठ्ठावन्नाव्या दिवशी हे सकाळपासून दोन्ही पुस्तिका मिटून बसले होते. दुपारी तालीम झाली नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी म्हणाले, "एक राहिलं."

"अजून काय मोडायचं राहिलंय माझं?"

"झडप," ते म्हणाले. "तू स्वयंपाकघरात पडलीस. बोलत नाहीस. फोन मी करायचाय."

छप्पन्न दिवस आम्ही याला वळसा घालत होतो, हे मला त्या क्षणी कळलं. दरवेळी आजारी कोणीही असो, टेलिफोन मीच होते. मी पडले तर टेलिफोनही माझ्याबरोबर पडणार होता.

माझा मोबाइल नेहमीसारखा बंद होऊन कपाटात गेला आणि मी स्वयंपाकघरात ओट्याखाली आडवी झाले. फरशीवर गाल टेकला. तिथून सगळं वेगळंच दिसतं. सिलिंडरच्या मागे हरवलेलं एक झाकण मला तिथे सापडलं, पण मी मेल्यासारखी होते म्हणून उचललं नाही. बाहेरच्या खोलीत ह्यांची पावलं गेली. माझ्या हट्टाने ठेवलेला जुना लँडलाइन फोन तिथे खिडकीपाशी असतो. रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला, मग बटणाचा एक बारीक टिचका. मला वाटलं, अभिनय चांगला करतायत.

थोडा वेळ शांतता. मग ते बोलायला लागले. मोठ्याने, स्पष्ट, मी शिकवलं होतं त्या क्रमाने. आधी नाव, मग पत्ता, तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे, स्ट्रेचर उभा करून आणावा लागेल. रुग्णाचं वय, हृदयाची झडप, रोजच्या गोळ्या. विमा क्रमांक एकेक आकडा सुटा. मी जमिनीवर पडून मनात म्हणत होते, शाब्बास. माझ्या हाताखालच्या नव्या मुलींना हे शिकायला वर्ष लागायचं.

मग ते थांबले. आणि एकदम आवाज बदलला.

"ती उठत नाहीये," ते म्हणाले. "मी हाका मारतोय, ती उठत नाहीये. कोणीतरी या. ती श्वास घेतेय का तेच मला कळत नाहीये. मला ऐकू येत नाही. मला काहीच ऐकू येत नाही हो, कधीपासूनच येत नाही, मी कोणाला सांगितलं नाही."

मी उठायला हवं होतं, "अहो, मी आहे" म्हणायला हवं होतं. नाही उठले. डोळ्यांतलं पाणी तिरकं वाहत कानात शिरलं आणि मी तशीच पडून राहिले, कारण सदतीस वर्षांच्या संसारात त्यांनी जे मला सांगितलं नाही ते ते एका मुक्या फोनला सांगत होते, आणि मधे बोलून तो कॉल तोडायची माझी हिंमत झाली नाही.

ते आत आले. गुडघ्यावर बसले आणि तळहात माझ्या पाठीवर सपाट ठेवला. लिफ्ट अडकली की ते भिंतीला असाच हात लावायचे, आतली मोटर चालतेय का बघायला. बराच वेळ हात तिथे होता. मग त्यांनी हलकेच दोनदा थोपटलं. मी उठून बसले. त्यांनी माझा गाल पुसला, मी त्यांचा, आणि चपला घालून, दार ओढून आम्ही तळ्याकडे फिरायला गेलो.

तळ्याकाठी आम्ही बाकावर बसलो. पाणी हलत नव्हतं. पलीकडच्या काठावरचे दिवे पाण्यात उभे होते आणि मला वाटलं, आपण अजून फरशीवरच पडलोय, हे सगळं त्या झाकणाच्या शेजारी दिसतंय. ह्यांनी माझा हात धरला होता. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. परत आलो तेव्हा खालचा शिंपी दुकान बंद करत होता.

"अँब्युलन्स येऊन गेली," तो म्हणाला. "वर जाऊन बेल वाजवत होते. कोणी दार उघडलं नाही, गेले परत."

"कोणाकडे?" मी विचारलं.

"काही कळलं नाही बुवा. घाईत होते."

"बिचारं कोण असेल," मी म्हटलं, आणि ह्यांच्याकडे वळून मोठ्याने सांगितलं. त्यांनीही हळहळून मान हलवली. जिना चढताना आम्ही प्रत्येक दाराशी जरा कानोसा घेतला. म्हणजे मी घेतला. घरी आलो, दूध प्यायलो आणि गाढ झोपलो.

सकाळी मी चहा गाळत होते तेव्हा बेल वाजली. गाळणं हातात घेऊनच दार उघडलं. बाहेर भिंगरी. अंगात कालचे ऑफिसचे कपडे, खांद्याला ऑफिसची बॅग, केस विस्कटलेले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकली, भूत बघितल्यासारखी. मग माझ्या हातातल्या गाळण्याकडे बघितलं.

"तू चहा करतेयस?" ती म्हणाली.

"हो. तुला टाकू?"

ती तिथेच जिन्याच्या पायरीवर बसली. बॅग छातीशी धरली आणि पुढेमागे डोलायला लागली. मला काही उमगेना. मी शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला, तर तिने तो झटकला आणि माझ्या दंडावर फाडकन चापट मारली. मग लगेच तोच दंड घट्ट धरला.

"काल बाबांचा फोन आला," ती म्हणाली. "तू पडलीयस, उठत नाहीयस. मी ओरडतेय, बाबा, मी बोलतेय, काय झालं? ते पत्ता सांगतायत! मला, माझ्याच घराचा पत्ता! बाबा, बाबा म्हणून माझा घसा सुकला, ते म्हणतायत ऐकू येत नाही. मला वाटलं लाइन खराब आहे. मग फोन तसाच चालू. पावलं वाजली. दार लागल्याचा आवाज आला. मला वाटलं, तुला नेलं."

फरशीवरची मी, बटणाचा तो टिचका, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. ह्यांच्या बोटाला फोनचं एकच बटण माहीत होतं. खोटा फोन करायचा म्हटल्यावरही बोट तिथेच गेलं होतं. तिचं हॅलो त्यांना ऐकू आलं नव्हतं. एक शब्द, त्या वेळी मी जमिनीवरून एक शब्द जरी बोलले असते तरी उघड्या लाइनवरून तिला माझा आवाज गेला असता.

"अँब्युलन्स मी पाठवली," ती म्हणाली. "ते म्हणाले दार बंद आहे. हॉस्पिटलात विचारलं, ते म्हणाले अशी कोणी बाई आली नाही. तुझा मोबाइल बंद. तेरा तास बसमध्ये मी फक्त एवढाच विचार करत होते की मी शेवटचं बघायला पोचेपर्यंत तुला थांबवतील की नाही."

मी आत जाऊन बघितलं. रिसीव्हर फोनवर तिरका ठेवलेला होता, रात्रभर तसाच. एकतीस वर्षांत माझ्या बोर्डावर एक दोरी कधी लोंबकळत राहिली नव्हती. तो मी नीट ठेवला.

तेवढ्यात हे आंघोळ करून पंचाने डोकं पुसत बाहेर आले आणि लेकीला बघून त्यांचा चेहरा असा फुलला म्हणता! "अरे, भिंगरी! न कळवता?"

ती हसली की रडली ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही तळहातांनी तोंड झाकून ती बोलायला लागली, भराभरा, हुंदक्यांतून. ह्यांना ओठ दिसेनात. ते तिच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे.

"काय म्हणतेय ती?"

मी तोंड उघडलं. जोडून द्यायची सवय हाडीमांसी मुरलेली. पण या वेळी मी नाही जोडलं. "तिलाच विचारा," मी म्हटलं.

ते भांबावले. लेकीने तोंडावरचे हात काढले, उठली, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "बाबा."

"हां. आलं ऐकू."

"काल नाही आलं."

मग तिने सगळं त्यांच्या कानात सांगितलं. मी बघत होते. त्यांचा चेहरा एकेक मजला खाली उतरत गेला. पंचा हातातून पडला. ते खुर्चीत बसले आणि कितीतरी वेळ तिची बोटं धरून राहिले. गाळायचा राहिलेला चहा पातेल्यात निवून काळा झाला, तो मी ओतून दिला आणि नवीन ठेवला.

चहा पिता पिता ह्यांनी कपाटातून अर्ज काढला. उद्याचा शेवटचा दिवस होता. त्यांनी पिवळीच्या चौकटीवर बोट ठेवलं. "हे आता पक्कं. हिला काही झालं तर तू तेरा तास लांब नकोस. आम्ही तिकडे येतो."

महिनोन् महिने लेकीला हेच हवं होतं. ती त्या चौकटीकडे बघत राहिली.

"तिकडे तरी मी दिवसभर ऑफिसात असणार, बाबा," ती म्हणाली. ती आता सावकाश बोलत होती, त्यांच्याकडे तोंड करून. "आई पडली तर घरात तुम्हीच असणार. इथेही तुम्ही, तिथेही तुम्ही. फोन उचलला तर समोरचा काय सांगतोय ते तुम्हाला कळायला हवं. छाती दाबा म्हणतील, कुशीवर वळवा म्हणतील." तिने अर्ज स्वतःकडे ओढला. "निळी घ्या. खोली काय, मी भाड्याने देईन कोणाला तरी." हे शेवटचं ती कपात बघून म्हणाली.

"आणि हिची झडप?" ह्यांचा आवाज फुटला. "माझ्या कानांसाठी हिची झडप रांगेत ठेवू? दहा बायकांच्या वॉर्डात?"

"मी लोकांना एकतीस वर्षं लाइनवर थांबवून ठेवलंय," मी म्हटलं. "आता मी थांबेन थोडी. कुठेतरी फेड करायला हवी."

"थट्टा करू नकोस. रांगेत असतानाच काही झालं तर?"

मला थट्टा करायची नव्हती. मला भीती वाटत होती, आजही वाटते. स्वतंत्र खोलीही हवी होती, कोणाला नको असते? पण काल मी त्या फरशीवर पडून ह्यांचं बोलणं ऐकलं होतं. तसं बोलत मला ह्यांना एकटं सोडून जायचं नव्हतं.

"तर तुम्ही फोन कराल," मी म्हटलं. "आणि पलीकडून कोणीतरी बोलेल, आणि तुम्हाला ते ऐकू येईल. मला एवढंच हवंय."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. सगळं कळलं होतं त्यांना. लेकीचं डोकं खुर्चीच्या पाठीवर कलंडलं आणि बघता बघता ती तिथेच झोपी गेली, तोंड किंचित उघडं. लहानपणी झोपायची तशीच.

ह्यांनी पेन उघडलं. निळ्या चौकटीत खूण केली. मग अर्ज उलटवला. मागच्या पानावर तब्येतीच्या तक्रारींचा रकाना होता आणि त्यावर पेन्शन ऑफिसातल्या बाईंनीच आडवी रेघ मारून ठेवली होती, साठ दिवसांच्या आतल्यांनी हा भरायचा नाही म्हणून. ह्यांनी ती रेघ बघितली, चष्मा वर सरकवला, आणि रेघेच्या खाली उरलेल्या अरुंद जागेत, शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं, "मला ऐकू येत नाही." खाली सही केली, तारीख घातली आणि पेन माझ्याकडे दिलं.